हवेच्या प्रशिक्षणासाठी मार्गदर्शक समिती करायची आहे. आत कोणाला बसवू?

फिल्टरवाली (टिळकवाडी, बेळगाव)

नमस्कार मंडळी.

एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी सहायक होते, मागच्या जूनमध्ये निवृत्त झाले. शेवटची अकरा वर्षं माझ्याकडे गच्चीवरच्या हवेच्या यंत्राचं काम होतं. आठवड्यातून दोन दिवस, पूर्ण चोवीस तास यंत्र चालवायचं आणि दर आठ तासांनी फिल्टर पेपर बदलायचा. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. वर्षाला किमान 104 मोजण्या भरल्या पाहिजेत, असं 2009 च्या राष्ट्रीय मानकांत लिहिलेलं आहे. पावसात छत्री यंत्रावर धरायची आणि आपण भिजायचं, असे दिवस पुष्कळ गेले.

त्या कामातली एक गोष्ट आधी सांगते, कारण माझा प्रश्न तिथूनच निघतो. यंत्र मिनिटाला साधारण 1.1 घनमीटर हवा ओढतं, म्हणजे आठ तासांत 528 घनमीटर. तेवढ्या वेळात कागदावर 0.0528 ग्रॅम धूळ बसली, की पीएम10 चा, म्हणजे हवेतल्या बारीक धुळीचा, आकडा येतो घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम. चोवीस तासांची मर्यादाही तेवढीच आहे. चिमूटभर साखरेहून कमी वजनावर ठरतं, की हवा मर्यादेत होती की नव्हती. ओलं बोट कागदाला लागलं, वजन करण्याआधी कागद ओल शोषणाऱ्या डेसिकेटरमध्ये पुरता सुकला नाही, यंत्राचा प्रवाह मधेच कमी झालेला कोणी लिहून ठेवला नाही, तर आकडा चुकला. तो चुकीचा आकडा पुढे बेंगळुरूपर्यंत जातो आणि कोणाला कळतही नाही. हवेचं सगळं ज्ञान शेवटी त्या गच्चीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असतं, आणि त्या माणसाला कोणी शिकवलेलं नसतं. मलाही नव्हतं. माझ्या आधीच्या मामांनी दोन दुपारी दाखवलं, तेवढंच.

आता मुद्दा. गेल्या आठवड्यात एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी बोलावून घेतलं. सरकारी खात्यांतल्या लोकांना हवेबद्दल प्रशिक्षण द्यायचं आहे. पीडीओ (पंचायत विकास अधिकारी), महापालिकेचे आरोग्य निरीक्षक, कृषी खातं, आरटीओ, बस आगारातले मेकॅनिक. आधी बेळगाव, खानापूर आणि निपाणी हे तीन तालुके. या प्रशिक्षणाला दिशा देणारी एक समिती करायची आहे, नावं सुचवा म्हणाले. माणूस मनापासून बोलत होता, याबद्दल मला शंका नाही. पण त्यांनी पुढे केलेल्या कच्च्या यादीत चौदा नावं होती आणि चौदाही साहेब. रोज धुरापुढे उभा राहणारा त्यात एकही नाही.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका प्रशिक्षणाला मी बसले होते. साठेक माणसं, मोठा हॉल, पडद्यावर इंग्रजी आणि बोलणं कन्नडमधून. हवेच्या निर्देशांकाचे सहा रंग दाखवले. 0 ते 50 चांगली, 401 च्या वर गंभीर. पीएम2.5 ची, म्हणजे आणखी बारीक धुळीची, वर्षाची मर्यादा आपल्याकडे 40, आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये ती 5 वर आणली, हेही सांगितलं. सगळं खरं, सगळं बरोबर. शेवटी मागच्या ओळीतून एक सफाई मुकादम उठले आणि त्यांनी मराठीत विचारलं, "साहेब, पहाटे पाचला गल्लीच्या कोपऱ्यावर लोक शेकोटीत प्लास्टिक घालतात. मी त्यांना काय म्हणू? आणि अंगावर आले तर फोन कोणाला करू?" नोंद घेतो म्हणाले, आणि चहा आला. त्या मुकादमांचा प्रश्न मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला. अजून तिथंच आहे, कोणी उत्तर दिलेलं नाही.

म्हणून मला वाटतं, समितीने पहिलं काम अभ्यासक्रम ठरवण्याचं करू नये. असे प्रश्न गोळा करावेत. आणि प्रश्न ज्यांच्याकडे आहेत ती माणसं समितीतच बसलेली असावीत, बाहेर बाकावर नव्हे.

आणखी दोन अडचणी आहेत. एक भाषेची. कागद कन्नडमध्ये निघणार, ते रीतीला धरूनच आहे. पण खानापूरच्या आणि बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांत वॉटरमन, सफाई कामगार, पंचायत सदस्य यांपैकी पुष्कळांना कन्नड ऐकून कळतं, वाचता येत नाही. हा वाद उकरून काढायचा म्हणून मी लिहीत नाहीये. धुराला कन्नडमध्ये 'होगे' म्हणतात, हवेला 'गाळी' म्हणतात, आणि धूळ दोन्हीकडे धूळच. शिकवणाऱ्याला दोन्ही यावं, एवढंच माझं म्हणणं.

दुसरी अडचण पैशाची. 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आपल्या वरच्या अंगाला कोल्हापूर आणि सांगली आहेत, खालच्या अंगाला हुबळी-धारवाड आहे. मधलं बेळगाव यादीत नाही. म्हणजे त्या कार्यक्रमाचा निधी इथे येणार नाही, जे करायचं ते आहे त्यातून.

तर किती माणसं घ्यावीत? कोणती? अध्यक्ष कोण असावा? आणि चहापाण्यावर विषय संपू नये यासाठी आदेशात नेमकं काय लिहून घ्यावं? ज्यांनी अशी कामं केली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा. पुढच्या महिन्यात मला नावं द्यायची आहेत.

---

जुना पीडीओ (खानापूर तालुका)

ताई, आधी सचिव आणि मग पीडीओ म्हणून माझी सगळी नोकरी पंचायतीत गेली. समित्या पुष्कळ पाहिल्या. थेट सांगतो.

चौदा माणसांची समिती एकदाच भरते, फोटोच्या दिवशी. सात घ्या. आणि 'पदसिद्ध सदस्य' हा शब्द आदेशात येऊ देऊ नका. पदसिद्ध म्हटलं की साहेब स्वतः येत नाहीत, कारकुनाला पाठवतात आणि प्रत्येक बैठकीला नवा कारकून. मागच्या वेळी काय ठरलं हे कोणालाच माहीत नसतं. 'नावानिशी, एक वर्षासाठी, तीच व्यक्ती' असं लिहून घ्या. अध्यक्ष मात्र वरचाच अधिकारी ठेवा. ज्याच्या सहीने दुसऱ्या खात्याचा माणूस मोकळा होतो, असा. तिथे मोठेपणाचा उपयोग आहे. बाकीचे सहा काम करणारे.

वेळ फार जपून निवडा. आपल्याकडे बदल्या मे-जूनमध्ये होतात, त्याआधी केलेली समिती जुलैत अर्धी राहते. डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन लागलं की जिल्ह्यातला एकही अधिकारी तुमच्या हाती लागणार नाही, गाडीसुद्धा मिळत नाही. फेब्रुवारी-मार्च बिलांचे. तेव्हा जुलैत आदेश, ऑगस्टला पहिली बैठक, मध्ये गणपतीचे दिवस सोडा आणि ऑक्टोबर संपायच्या आत पहिली तुकडी शिकून बाहेर पडली पाहिजे. गळीत हंगाम आणि थंडी सुरू झाल्यावर धूर दिसतो, तेव्हा ती माणसं गावात असावीत, हॉलमध्ये नव्हे.

वॉटरमन किंवा सफाई कामगाराला बोलवाल तर त्याचा दिवस 'ओओडी', म्हणजे दुसऱ्या सरकारी कामावर हजर, असा धरला जाईल, हे आदेशात स्पष्ट लिहा. नाहीतर त्याची हजेरी कापली जाते आणि तो पुन्हा येत नाही. जायच्या-यायच्या बसचे पैसे त्याच दिवशी हातात द्या. मी हे पाहिलेलं आहे, साडेतीनशे रुपयांसाठी माणसाला चार महिने हेलपाटे घातलेले.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अधिकार. त्या मुकादमांच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. 1981 च्या हवा कायद्याच्या कलम 26 प्रमाणे धुराड्यातल्या धुराचा नमुना घ्यायचा अधिकार प्रदूषण मंडळाला आणि मंडळाने नेमून दिलेल्या अधिकाऱ्यालाच आहे. पीडीओने बाटलीत भरून आणलेली हवा कोर्टात उभी राहत नाही. पण उघड्यावर कचरा जाळणं घनकचरा नियमांत मना आहे, आणि 2016 च्या डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने साध्या जाळण्याला 5,000 आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला 25,000 रुपये भरपाई ठरवली. तिथे पंचायत आणि महापालिका हात घालू शकते. कोण काय करू शकतो, काय करू शकत नाही आणि मग कोणाला कळवायचं, याचा एका पानाचा तक्ता समितीने आधी करावा. दोन्ही भाषांत. माझ्या नोकरीत तो कधी हातात पडला नाही. पडला असता तर निम्म्या वेळा मी नुसता हात चोळत उभा राहिलो नसतो.

---

दुसरी पाळी (उद्यमबाग)

अक्का, मी फाउंड्रीत फर्नेसवर आहे, बावीस वर्षं झाली. तुमच्या यादीत कारखाने आणि बॉयलर खात्याचा माणूस दिसला नाही. तो पाहिजेच. सांगतो का ते.

कोणी तपासायला आलं की मान वर करून चिमणीकडे बघतं. कोकवर चालणाऱ्या कपोला भट्टीचा धूर पेटवताना आणि तेलकट भंगार टाकलं की जास्त निघतो, ते खरं. इंडक्शन फर्नेसला तेवढा धूर नाही. पण खरी धूळ नॉकआउटला उठते. ओतकाम थंड झाल्यावर साचा फोडतो ना, तेव्हा. मग फेटलिंगला, म्हणजे ओतकाम घासून साफ करताना. ती वाळूची बारीक धूळ, डोळ्याला दिसते त्याहून न दिसणारी वाईट. सिलिकोसिस त्यानंच होतो आणि झाला की बरा होत नाही. ती धूळ शेडच्या आत आहे म्हणून एक खातं म्हणतं आमची नाही, आणि शेडच्या बाहेर येते तेव्हा दुसरं म्हणतं दिसत नाही. माझ्याबरोबर लागलेला एक जण आता जिना चढताना दोनदा थांबतो. पंचेचाळीसचा आहे.

शिकायला येणाऱ्यांना दिवसा आणू नका. रात्री दहानंतर आणा. धूळ गाळणारा बॅग फिल्टर चालू आहे का हे कळायला आकडा लागत नाही, नळीला हात लावला तरी ओढ कळते. प्रेशरचं घड्याळ बघायला शिकवा. काटा एकाच जागी बसलेला असेल तर एक तर पिशव्या फाटलेल्या, नाहीतर घड्याळ बंद.

पण त्यासाठी मालकाने आत घेतलं पाहिजे. तो घेणार नाही, जोवर त्या दिवशी नोटीस निघणार नाही असं कोणी सांगत नाही.

---

जुना पीडीओ (खानापूर तालुका)

वरच्या भावांचं शेवटचं म्हणणं मला पटत नाही. सरकारी माणसाने उल्लंघन डोळ्याने पाहिलं आणि शिकायला आलो होतो म्हणून गप्प बसला, हे कागदावर लिहून देता येत नाही. उद्या तिथे कोणाला इजा झाली तर समिती अडकेल.

---

दुसरी पाळी (उद्यमबाग)

मग कोणी आत घेणार नाही सर. चिमणीचा फोटो काढून जातील सगळे.

---

ऊसकरी (संकेश्वर)

ताई, पाचट जाळण्यावर बोलतो, कारण प्रशिक्षणात शेतकऱ्याला आरोपी करून उभं करतात आणि मग तो ऐकत नाही.

एकरी तीन-चार टन पाचट पडतं. टोळी ऊस तोडून निघून गेली की शेतात गुडघाभर पाला. मजूर मिळत नाही, खोडव्याला पाणी द्यायचं असतं, सरी बुजलेली असते, उंदीर-सापाची भीती. काडी ओढली की तासाभरात रान मोकळं. मी स्वतः पंधरा वर्षं जाळलं. मग एका वर्षी कुट्टीचं यंत्र भाड्याने मिळालं, एक आड एक सरीत पाचट दाबलं, वर शेणकाला आणि युरिया टाकला. उन्हाळ्यात माझ्या दोन पाण्याच्या पाळ्या वाचल्या. त्यानंतर जाळलं नाही. म्हणजे मला धुराने नाही थांबवलं, पाण्याने थांबवलं. हे ज्याला माहीत आहे तो शेतकऱ्याशी बोलू शकतो. ज्याला फक्त दंड माहीत आहे त्याला बांधावर कोणी उभं करत नाही.

समितीत कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रातला एक माणूस घ्या, पण असा की जो सकाळी रानात असतो. आणि एक टोळीचा मुकादम. हसण्यावारी नेऊ नका. ऊस तोडायच्या आधीच पेटवायचा की नाही, हे कित्येकदा तोच ठरवतो, कारण जळका ऊस तोडायला सोपा. कारखाना वजनात कपात करतो ती शेतकऱ्याच्या नावावर पडते. हे चक्र सरकारी माणसाला ठाऊक नसेल तर तो चुकीच्या माणसाला पकडेल.

आणखी एक. आमच्याकडचा वारा सीमा बघत नाही. गडहिंग्लजकडचं रान पेटलं तर धूर आमच्या अंगणात, आमचं पेटलं तर त्यांच्या. तिकडचा एक माणूस बैठकीला बोलवता येतो का बघा.

---

शहापूरची लेक

मावशी, मी मूळची शहापूरची, सध्या अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात एका प्रयोगशाळेत हवेचेच नमुने तपासते. तुमचं 528 घनमीटरचं गणित वाचलं आणि अंगावर काटा आला. माझ्या टेबलावर आजही तेच चालतं, फक्त कागद लहान आणि खोली थंड.

ऊसकरी दादांच्या शेवटच्या मुद्द्यावर सांगते. इथे ईपीएची, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण खात्याची, हवेच्या प्रशिक्षणासाठी वेगळी संस्था आहे, एपीटीआय. पण शिकवण्याचं बरंच काम राज्यांच्या प्रादेशिक संघटना करतात. ईशान्येकडच्या राज्यांची एक, मध्य-अटलांटिक राज्यांची एक, पश्चिमेकडची एक, आग्नेयेची एक. हवा राज्याची हद्द ओलांडते, म्हणून शेजारची राज्यं आपली माणसं एकत्र बसवून शिकवतात. बेळगाव, कोल्हापूर आणि धारवाड यांना हे का जमू नये?

दुसरं म्हणजे इथली 'धुराची शाळा'. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. मैदानात एक यंत्र मुद्दाम धूर सोडतं आणि निरीक्षक खुर्च्या टाकून बसतात, सूर्य पाठीमागे घेऊन. 25 काळे आणि 25 पांढरे धूर. प्रत्येक धूर किती टक्के दाट आहे हे नुसत्या डोळ्याने लिहायचं, पाच-पाच टक्क्यांच्या टप्प्याने. एकाही धुरात चूक 15 टक्क्यांहून जास्त नको आणि सरासरी चूक 7.5 च्या आत. नाहीतर नापास, पुन्हा बसा. पास झालात तरी प्रमाणपत्र सहाच महिने चालतं, कारण डोळा विसरतो. यात प्रयोगशाळा लागत नाही, भाषाही फारशी लागत नाही. आपल्याकडे धूर किती काळा ते ताडून बघायचा रिंगलमनचा तक्ता आहेच, 1 म्हणजे 20 टक्के, 2 म्हणजे 40, असा 5 पर्यंत. पांढऱ्या धुराला तो चालत नाही, पण काळ्याला पुरतो. एखाद्या माळावर सुरुवात करता येईल. हजेरीचं प्रमाणपत्र नको, डोळ्याच्या परीक्षेचं द्या.

---

आशा (नंदगड भाग)

माझं थोडकंच आहे. समितीत एक आशा घ्या. मी रोज पंधरा घरात जाते. धूर सगळ्यात जास्त चुलीपुढे आहे, आणि तिथे कोणत्याच खात्याचा माणूस जात नाही. गॅस आहे घरात, पण आंघोळीचं पाणी लाकडावरच तापतं, पावसाळ्यात ओली लाकडं. बाळंतीण त्याच खोलीत झोपलेली असते. बाळाला शेक-शेगडी देतात, दार लावून. मला लोक घरात घेतात, साहेबांना घेत नाहीत. आणि वीटभट्टीवर कामाला आलेली कुटुंबं तर भट्टीच्या कडेलाच राहतात. आमच्याकडच्या भट्ट्यांना चिमणीच नसते, विटा रचून आतून पेटवतात. मग तुम्ही मोजणार कुठे? तिथली पोरं खोकतात ते मी लिहून ठेवते, पण ते रजिस्टर हवेवाल्यांनी कधी मागितलं नाही.

---

नवा इंजिनिअर (अनगोळ)

मॅडम, आता तीन-चार हजारांत सेन्सर मिळतात. प्रत्येक पंचायतीत एक लावला आणि मोबाइलवर आकडा दिसला, तर एवढ्या शिकवण्याची गरजच काय? मी बसवून देतो, मोफत.

---

फिल्टरवाली (टिळकवाडी, बेळगाव)

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस वही घेऊन बसले होते. एकेकाला उत्तर देते.

अनगोळच्या मुला, तुझी तयारी बघून फार बरं वाटलं, तुला मी सोडणार नाही. पण आधी एक ऐक. असा एक सेन्सर आम्ही गच्चीवर आमच्या यंत्राशेजारी टांगला होता. एप्रिलमध्ये दोघांचं बऱ्यापैकी जमायचं. जुलैत झडीचा पाऊस, खिडकीतून समोरची इमारत दिसेना इतकं धुकं, आणि सेन्सर सांगतोय हवा वाईट. फिल्टरवर मात्र कागद जवळजवळ पांढरा. तो सेन्सर कणावर पडलेला उजेड मोजतो, आणि दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतो. आपल्या बेळगावात वर्षातले चार महिने हे होणार. पंचायतीतल्या माणसाला हे सांगितलेलं नसेल तर तो पावसाळ्यात घाबरेल आणि जानेवारीत आकड्यावर विश्वास ठेवणार नाही. म्हणून सेन्सर लाव, पण आधी दोन महिने मोठ्या यंत्राशेजारी ठेवून दोघांचे आकडे रोज वहीत लिही. चहाच्या गाड्याजवळ, बंबाजवळ, भिंतीच्या कोपऱ्यात लावायचा नाही. तुझे दोन महिन्यांचे आकडे हाच त्या तुकडीचा पहिला धडा होईल. शिकवायला मी येते.

आशाताई, तुमचं रजिस्टर. मी अकरा वर्षं गच्चीवर 104 मोजण्या भरत होते आणि चार भिंतींच्या आत काय चाललंय, हे माझ्या यंत्राला कधीच दिसलं नाही. वाचून रात्री झोप लागली नाही. तुम्ही समितीत आहात. तुमचं नाव मी पहिलं लिहिलं आहे, अध्यक्षांच्याही आधी. बैठक खानापुरात ठेवू, तुम्हाला बेळगावला यायला लावणार नाही.

उद्यमबागेचे भाऊ आणि पीडीओ सर, तुमचा वाद मी दोन्ही बाजूंनी तपासला. सर, तुमचं खरं आहे, डोळे मिटायचं लिहून देता येत नाही. भाऊ, तुमचंही खरं आहे, नोटिशीच्या भीतीने दार उघडणार नाही. मला असं सुचतं, की पहिल्या वर्षी चालत्या कारखान्यात जायचंच नाही. सुटीच्या दिवशी, भट्टी थंड असताना जायचं. बॅग फिल्टर उघडून पिशवी हातात घेऊन बघायची, घड्याळ कुठे असतं, नळी कुठे गळते, नॉकआउटची जागा कुठे, हे तुम्हीच दाखवायचं. धूर बघायला धुराची शाळा. चालत्या भट्टीवर नेण्याचा विचार दुसऱ्या वर्षी, तेही मालकाने स्वतः बोलावलं तर. हे अर्धवट आहे, मला माहीत आहे. रात्रीची धूळ त्यांना दिसणार नाही. पण दार बंद होण्यापेक्षा मला हे बरं वाटतं. तुम्हाला पटत नसेल तर भांडा, मी ऐकते. आणि तुमच्याबरोबरच्या त्या भावांना छातीचा फोटो काढायला लावा. सिव्हिलला मी स्वतः येते.

ऊसकरी दादा, पाण्याने थांबवलं हे वाक्य मी जसंच्या तसं पहिल्या पानावर घेणार आहे. टोळीचा मुकादम हंगामात मिळणार नाही, म्हणून ऑगस्टच्या बैठकीला बोलवू. तेव्हा तो गावी असतो, भाडं देऊ. गडहिंग्लजकडच्या कोणाला बोलवायचं तर दोन राज्यांचे कागद लागतील, त्यात वर्ष जाईल. त्याऐवजी तिकडच्या एखाद्या कॉलेजमधल्या शिक्षकांना 'निमंत्रित' म्हणून बोलवता येईल, असं अधिकारी फोनवर म्हणाले. तेवढ्याने सुरुवात करू.

शहापूरच्या लेकी, धुराची शाळा माझ्या मनात भरली आहे. आकाश बघायला आमच्याकडे माळ पुष्कळ आहेत. धूर सोडणारं यंत्र नाही, पण तक्त्याचं कार्ड छापता येतं आणि परवानगी घेऊन कोणाच्या तरी बॉयलरचं धुराडं दुरून बघता येतं. नापास करायचं आणि पुन्हा बसवायचं, हे मात्र आदेशातच लिहून घेणार.

तर माझी सात नावं अशी ठरत आहेत. अध्यक्ष वरचे अधिकारी, सहीसाठी. एक आशा. एक सफाई मुकादम. त्या वहीतल्या प्रश्नाच्या मालकांना मी शोधते आहे, वडगावकडे राहतात एवढं कळलं आहे. रयत संपर्क केंद्रातून एक. कारखाने आणि बॉयलर खात्यातून एक. प्रदूषण मंडळाकडून नमुने घेणारा क्षेत्रातला माणूस, टेबलावरचा नको. आणि दोन्ही भाषा लिहिता-वाचता येणारा एक पीडीओ. टोळीचा मुकादम आणि उद्यमबागेचे भाऊ निमंत्रित म्हणून. मी स्वतः समितीत नाही, मी वही सांभाळेन आणि फिल्टर दाखवेन. आरटीओ आणि आगार या यादीत राहून गेले, हे मला दिसतंय. सातची आठ करू का, पीडीओ सर? डिझेल बसचा धूर सोडून द्यायचा जीव होत नाही. चन्नम्मा सर्कलला पोलीस आठ तास त्यातच उभा असतो.

अधिकार-तक्त्याचा मराठी मसुदा मी आज रात्री करायला घेते. सर, तुम्ही कलमं तपासून द्या. कन्नड कोण करून देईल? शब्दशः नको, वॉटरमनला कळेल असं. ज्यांना जमेल त्यांनी इथेच सांगा.

---

जुना पीडीओ (खानापूर तालुका)

आठ चालतील. नऊ नको. कन्नड माझी सून करून देईल, धारवाडची आहे, शाळेत शिकवते. मसुदा पाठवा, रविवारपर्यंत देतो.